दोन तासांचा वॉक, पस्तीस मिनिटांत

सव्वानऊला सुरू झालेला वॉक दहाला दहा मिनिटं कमी असताना संपला. माझ्या कागदावर तो सव्वाअकराला संपायचा होता.

मी तेव्हा हॉल्ट नंबर दोनवर उभी होते, जुन्या जकात कचेरीसमोर. माझ्याबरोबर गुडघे दुखणारी तीन माणसं होती आणि आमचे स्थानिक गाइड काशिनाथकाका. बाकीचे एकोणीस जण कुठे आहेत हे मला फोनवर कळलं. फोन ग्रुपचे प्रमुख नाना यांचा होता.

"वैशालीताई, आम्ही धक्क्यावर पोचलो. आठही पॉइंट झाले. आता काय?"

"नाना, आठ पॉइंट? एवढ्यात?"

"मग! वाटेत एकदाही थांबलो नाही."

अभिमानाने सांगत होते.

मी धुळ्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. गाव रावेरकडचं. वडील केळीच्या कापणीच्या टोळीत. घड कापायचे, खांद्यावरून वाहायचे, ट्रकमध्ये लावायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भूगोल घेऊन बी. ए. झाले, मग टुरिझमचा डिप्लोमा केला. हे मी सगळीकडे सांगते, कारण मला सांगायला आवडतं.

कंपनीत चार वर्षं मी काउंटरला होते. तिकिटं, व्हाउचर, "मॅडम, खिडकीची सीट द्या." मग एकदा मालकांना, म्हणजे सुनीलभाऊंना, मी एक कल्पना सांगितली. आपल्याकडची माणसं टूरला जातात म्हणजे दिवसभर बसमध्ये बसतात. उतरतात, फोटो काढतात, चढतात. संध्याकाळी विचारतात, आज किती पॉइंट झाले? त्यापेक्षा एकच छोटं बंदराचं गाव घेऊ. तीन दिवस तिथेच राहू. रोज सकाळी पायी फिरू. गाव हळूहळू कळेल. याला वॉकिंग टूर म्हणतात.

भाऊ म्हणाले, "खान्देशातला माणूस पैसे देऊन पायी चालेल?"

मी म्हटलं, "चालेल. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

कोकणातल्या त्या गावाचं नाव इथे देत नाही. आमच्या धंद्यात चांगल्या जागेचं नाव एकदा छापलं की पुढच्या सीझनला तिथे बसगाड्यांची रांग लागते.

गिऱ्हाईक म्हणजे धुळ्याचं एक मॉर्निंग वॉक मंडळ. रोज पहाटे मैदानावर आठ राउंड. थंडी असो, वारा असो. बावीस जण, सगळे साठीच्या आसपासचे. मी म्हटलं, रोज चालणारी माणसं आहेत, वॉकिंग टूर यांच्यासाठीच आहे. इतका सरळ हिशेब होता. चूक तिथेच झाली, पण ते मला नंतर कळलं.

आमच्या कामातले दोन शब्द सांगते. टूरआधी जाऊन रस्ता पायी तपासायचा, त्याला रेकी म्हणतात. आणि चालताना ग्रुपच्या सगळ्यात शेवटी जो राहतो तो टेल. गाइड पुढे, टेल मागे. शेवटच्या माणसाला टेलने कधीही एकटं सोडायचं नाही, हा पक्का नियम. त्या दिवशी टेल मी होते. म्हणून ग्रुप गाइडला ओलांडून पुढे निघाला तेव्हा मी धावत जाऊन अडवू शकले नाही. फोन केले. चालताना फोन उचलायचा नाही, असाही त्यांचा नियम निघाला.

काशिनाथकाका त्या वेळी कचेरीकडे तोंड करून बोलत होते. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त तांडेल. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा मुख्य माणूस. त्यांचे वडील शिडाच्या गलबतातून मंगळुरी कौलं आणायचे, ती हकीकत सांगत होते. गलबत वादळात सापडलं, निम्मी कौलं समुद्रात टाकावी लागली, आणि... एवढ्यात त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे मी आणि तीन गुडघे.

काकांनी छत्री मिटली.

"बाई, माझं बोलणं कुणाला नको असेल तर नको. सवय आहे, घरीही कुणी ऐकत नाही. पण पाठ फिरवून पळू नका म्हणावं."

"काका, तसं नाही हो—"

"उद्या दुसरा कोणी बघा."

आणि ते निघून गेले.

धक्क्यावर पोचले तर तिथे एकही बोट नाही. ओला सिमेंटचा चौथरा, माशांच्या खवल्यांचा चमचमाट, दोन मांजरं. रेकीला आले होते तेव्हा याच धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बोटी, टोपल्या, बर्फ, आरडाओरड. तेच बघून मी धक्का शेवटचा पॉइंट ठेवला होता. अकरा वाजता, सगळ्यात भारी. आता तिथे एकोणीस माणसं घड्याळातली पावलं एकमेकांना दाखवत उभी होती.

"तीन हजार चारशे."

"माझी तीन हजार सहाशे. तुझं पाऊल लांब पडतं."

नाना पुढे आले. नाना म्हणजे उंच, सरळ, गळ्यात शिट्टी. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, सगळी नोकरी डेपोत गेली. गाडी कोणत्या मिनिटाला सुटली ते वहीत लिहिणारा माणूस. रिटायर झाल्यावर वही सुटली, पण स्वभाव कुठे सुटतो?

"ताई, स्पष्ट बोलू का? गाव छान शे. पण लहान शे. पस्तीस मिनिटांत संपलं. अजून दोन दिवस इथे काय करायचं? बस आहेच. आजूबाजूला पॉइंट असतील ना? ते दाखवा."

मागून दोघा-तिघांनी माना हलवल्या.

सुनीलभाऊंचा फोन अर्ध्या तासात आला. बातमी त्यांच्याकडे आधीच पोचली होती. धुळ्याची माणसं कुठेही गेली तरी बातमी धुळ्यात आधी पोचते.

"पस्तीस मिनिटं? अगं वैशाली, आपल्या पाच कंदिलाला भाजी घ्यायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो!"

"भाऊ, ग्रुप फास्ट निघाला."

"फास्ट निघाला की कंटाळला?"

"माहीत नाही, भाऊ."

"ऐक. उद्या सकाळी तुझा दुसरा वॉक आहे. अकरापर्यंत तुझा. अकराला ड्रायव्हर बस घेऊन धक्क्यावर येईल. माणसं चढली तर दोन दिवस देवळं आणि बीच, आणि ही वॉकिंग टूर पुढच्या सीझनला बंद. तू परत काउंटरला ये. राग नाही हं, धंदा आहे."

राग नव्हताच. त्यांचं बरोबर होतं. पण काउंटरच्या त्या खुर्चीवर चार वर्षं मी दुसऱ्यांना जग दाखवणारी तिकिटं फाडली होती. परत तिथे बसायचं, या विचाराने जेवण गेलं नाही.

जेवण एका घरगुती खाणावळीत होतं. वरण, भात, सोलकढी. आमच्या ग्रुपने पिशव्यांतून शेव आणि मिरचीचा ठेचा काढला, आणि खाणावळीच्या बाईंना आग्रह करकरून वाढला. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमाने नाही, ठेच्याने.

माझ्याशेजारी शकुंतलाअक्का बसल्या होत्या. मूळच्या एरंडोलच्या, लग्नानंतर धुळ्याच्या. तीस वर्षं घरी ब्लाउज शिवले आणि दोन मुली शिकवल्या. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं.

"जेवत का नाहीस व माय?"

मी म्हटलं, "अक्का, खरं सांगा. आज कंटाळा आला का?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. नाना लांब बसले होते. मग हळूच म्हणाल्या, "माले थांबानं व्हतं व. पन थांबनं का बठ्ठास्ले चहा पाजना पडस."

म्हणजे त्यांना थांबायचं होतं. पण थांबलं की सगळ्यांना चहा पाजावा लागतो.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मंडळाचा नियम आहे. पहिल्या वर्षी लोक मैदानावर यायचे आणि अर्धा वेळ गप्पा मारत उभे राहायचे. नानांनी नियम केला: चालताना जो थांबेल त्याने त्या दिवशी पूर्ण मंडळाला चहा पाजायचा. तेव्हापासून कोणी थांबत नाही. बुटाची नाडी सुटली तरी चालत राहतात. एकदा एकांना कुत्रं आडवं आलं तर ते जागच्या जागी पाय हलवत राहिले, कारण पाय हलत असले की थांबलं असं धरत नाहीत.

"तिकडे शेडमध्ये बाप्ये बसून जाळं शिवत होते," अक्का म्हणाल्या. "बाप्ये! मला नुसतं टाके बघायचे होते. आमच्यातले भगवानआबा पण म्हणत होते, बर्फाच्या फॅक्टरीत लादीचं वजन कसं करतात ते बघू. पण नानांची शिट्टी."

मला हसावं की रडावं कळेना. ही माणसं कंटाळली नव्हती. ती चहाला घाबरली होती. आणि बाविसांतल्या एकालाही हे मला आधी सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यांच्या मते चालणं असंच असतं.

दुपारी नाना ओसरीवर पेपर वाचत होते. मी जाऊन बसले. नियम चुकीचा आहे असं त्यांना सांगितलं असतं तर संपलंच होतं. ज्या माणसाने एवढी वर्षं नियम पाळायला लावले त्याला मी काय सांगणार? म्हणून मी त्यांच्याच खात्यातलं विचारलं.

"नाना, धुळे-जळगाव विनाथांबा गाडी आणि साधी गाडी, यात चांगली कोणती?"

"कुठं जायचं त्यावर आहे."

"पारोळ्याला उतरायचं असेल तर?"

"विनाथांबा कशी चालेल? साधीच पाहिजे."

"आज तुम्ही विनाथांबा काढलीत, नाना. आणि तुमच्या प्रवाशांना मधे उतरायचं होतं."

नानांनी पेपर खाली केला. "कोणी तक्रार केली?"

"तक्रार नाही. प्रवासी घाबरतात तुम्हाला."

नानांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मला वाटलं तुम्हालाच लवकर आटपायचं असेल. तुम्ही कागद दिला त्यावर वेळा होत्या. हॉल्ट एक, सव्वानऊ. हॉल्ट दोन, साडेनऊ. मी म्हटलं, वेळेच्या आत पोचवू. नोकरीत कुणी लवकर पोचवल्याची तक्रार केली नाही."

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या कागदाने त्यांना शर्यत लावली होती. कॉलेजात शिकलेलं सगळं मी त्या आठ हॉल्टमध्ये कोंबलं होतं. सनावळ्या, बांधकामाची शैली, बंदराचा व्यापार. एकेक मुद्दा टिक करत जायचं, जसा पेपर सोडवतात तसा. त्यात कुणी काही बघत उभं राहील, याला जागाच ठेवली नव्हती.

"नियम रद्द होणार नाही," नाना म्हणाले. "पण अधिकृत थांबे देता येतील. प्रत्येक थांब्याला सात मिनिटं. थांब्यावर थांबलं तर चहा नाही. लिहून द्या."

"काकांना विचारून लिहू. पण काका रुसलेत."

"मग मी येतो. गाडी माझी होती."

काशिनाथकाकांचं घर खाडीच्या कडेला. ते अंगणात जाळं झटकत होते. आम्हाला पाहून उठले नाहीत. नाना सरळ पुढे गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "काका, सकाळी चूक झाली. गाइड मागे टाकून गाडी पुढे नेणं हे आमच्या खात्यात बसत नाही."

काकांनी वर पाहिलं. "बसा."

बस्स. एवढंच. मी याच्यासाठी अर्ध्या तासाचं भाषण तयार करून आणलं होतं.

नानांनी खिशातून डायरी काढली. "उद्या सव्वानऊला निघू. पहिला थांबा धक्का. धक्क्याला आगमन—"

"सव्वानऊला धक्क्यावर मांजरं असतील," काका म्हणाले.

"पण मी रेकीला आले तेव्हा अकराच्या सुमारास बोटी होत्या," मी म्हटलं.

"तुम्ही आलात ती पौर्णिमा. आज दशमी. बाई, भरती रोज पुढे सरकते. खाडीच्या तोंडाशी वाळू आहे. पूर्ण भरती झाली की बोटी आत येतात, तोपर्यंत बाहेर उभ्या. आज साडेसातला आल्या. नऊपर्यंत लिलाव आटपला."

मी भूगोलाची पदवीधर. भरती-ओहोटी, चंद्राचं गुरुत्वाकर्षण, दहा मार्कांचा प्रश्न. आकृतीसह लिहिला होता. आणि टूरचा टाइमटेबल करताना समुद्र हतनूरच्या धरणासारखा जागेवर उभा राहील असं धरून चालले.

"तुम्ही मला सांगितलं का नाही, काका?"

"तुम्ही विचारलं कुठे? वेळा छापूनच आणल्या होत्यात. मला वाटलं, शिकलेल्या आहेत, काहीतरी कारण असेल."

नाना डायरी उघडी धरून पुढे सरकले. त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती.

"म्हणजे तुमच्या बोटी रोज लेट येतात?"

"लेट नाही. त्यांची तीच वेळ."

"पण रोज वेगळी. मग आजची वेळ कोण जाहीर करतं? बोर्ड लागतो?"

काका पहिल्यांदा हसले. "तिथी घ्या. तिनांनी गुणा, चारांनी भागा."

नानांनी डायरीत मांडलं. दशमी. दाही तिनं तीस. तिसाला चार. साडेसात.

"आयला!" नाना म्हणाले. आणि मग शुद्ध ऑफिसच्या आवाजात, "एकादशी. तेहतीस भागिले चार. सव्वाआठ. उद्या सव्वाआठ?"

"पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे."

"पौर्णिमा... पंचेचाळीस भागिले चार. सव्वाअकरा!" नानांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमची रेकी जुळली."

पुढचा पाऊण तास त्या दोघांना मी आणि चहा दोन्ही दिसले नाहीत. अमावास्येला काय? तोच हिशेब. पावसाळ्यात? बोटी बंद. वाळूत गाडी फसली तर? पुढच्या भरतीपर्यंत बसायचं. डेपोत ब्रेकडाउन झालं तर ते काय करायचे ते नानांनी सांगितलं, इंजिन बंद पडलं तर हे काय करायचे ते काकांनी. दोघांनी आपापल्या हाताखालच्या माणसांना मनसोक्त शिव्या दिल्या. शेवटी काकांनी विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?" नाना म्हणाले, "तुम्ही सांगा. नियंत्रक तुम्ही."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला हेडकाउंट घेतला, म्हणजे माणसं मोजली. बावीस. काका हजर. माझा आठ पॉइंटांचा कागद मी खोलीवरच ठेवला.

धक्क्यावर पोचलो तेव्हा खाडीच्या तोंडाबाहेर सहा बोटी उभ्या होत्या. नाना घड्याळ हातात धरून काठावर. सव्वाआठ झाले. बोटी हलेनात. नानांनी काकांकडे पाहिलं. काका पाण्याकडे बघत होते. आठ वीसला पहिली बोट वळली.

"पाच मिनिटं," नाना म्हणाले.

"सांगितलं होतं," काका म्हणाले.

एकामागून एक बोटी त्या अरुंद तोंडातून आत आल्या. शेवटची फार भरलेली होती. ती वाळूवरून येताना एकदा थबकली, तेव्हा बावीसच्या बावीस काठाशी सरकले. ती पुढे सरकली, तेव्हा आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोटीवरचे खलाशी चक्रावून बघायला लागले. त्यांच्यासाठी आजपर्यंत कोणी टाळी वाजवली नसेल.

मग लिलाव सुरू झाला आणि भगवानआबा हरवले. आबा बाजार समितीत मापाडी होते, आयुष्यभर धान्य मोजलेलं. ते गर्दीत घुसून सगळ्यात पुढे जाऊन उभे होते.

"हाई ते आपली हर्राशी शे!" ते ओरडले. हर्राशी म्हणजे लिलाव, आमच्याकडे केळीचा आणि धान्याचा असाच होतो. "तोच सूर! फक्त आमच्याकडे बाप्ये ओरडतात, इथं बाया."

एक कोळीण बांगड्याच्या टोपलीची बोली पुकारत होती. आबांनी टोपलीकडे नुसतं पाहिलं. "अठरा किलो."

"आजोबा, वीस आहे," ती म्हणाली.

"अठरा. वर बर्फ शे."

काटा लावला. अठरा आणि थोडं वर. बायका खो खो हसल्या. "आजोबा, जाऊ नका परत. इथेच राहा, काट्याचा खर्च वाचेल!" आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानंतर प्रत्येक टोपली आधी आबांना दाखवली जात होती.

अक्कांना एकादशीचा उपास होता. नाकाला पदर लावून त्या टोपल्यांमध्ये वाकून बघत होत्या. मी म्हटलं, "अक्का, उपास?" त्या म्हणाल्या, "बघितलं तर काय मोडतो? मी काय वासाने पोट भरतेय?"

सात मिनिटांनी नानांनी शिट्टी वाजवली. कोणी हललं नाही. परत वाजवली. आबांनी न वळता हात हलवला, जशी बैलावरची माशी हाकलतात. मला वाटलं, आता नाना चिडणार. पण नानांना तेवढ्यात काकांनी हाक मारली. ज्या बोटीला टाळ्या मिळाल्या होत्या तिचा तांडेल त्यांना चाक दाखवायला बोलावत होता. नाना बोटीत उतरले. शिट्टी मला धरायला दिली.

तिथून जाळ्याच्या शेडमध्ये गेलो. अक्का थेट जमिनीवर बसल्या. जाळं शिवणाऱ्याने त्यांना लाकडी सुई दिली. पहिल्या तीन गाठी सुटल्या. चौथी बसली. त्याने ओढून पाहिली आणि म्हणाला, "मावशी, आधी काय करत होता?" अक्का म्हणाल्या, "ब्लाउज." तो म्हणाला, "मग बरोबर. सैल शिवलं तर दोन्हीकडे बोंब." अक्का इतक्या हसल्या की त्यांना धरावं लागलं.

तिथेच बसून काकांनी आदल्या दिवशीची गलबताची गोष्ट पूर्ण केली. निम्मी कौलं समुद्रात टाकून त्यांचे वडील परत आले होते. व्यापारी संतापला. वडील म्हणाले, कौलं पुन्हा भाजता येतील, माझे खलाशी नाही. बावीस जण ऐकत होते. पाय कुणाचेच हलत नव्हते.

अकराला बस आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. आम्ही शेडमध्येच होतो. माणसं उठून चढायला लागली तर अडवायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

नाना उठले. माझ्याकडून शिट्टी घेतली, बाहेर गेले. ड्रायव्हरशी बोलले. मग बस वळली आणि निघून गेली.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मार्ग रद्द."

पाच मिनिटांत भाऊंचा फोन. मी उचलणार तेवढ्यात नानांनी हात पुढे केला. मी फोन स्पीकरवर लावून त्यांच्याकडे दिला.

"वैशाली, बस का परत—"

"मी नाना बोलतोय. सुनीलभाऊ, तुमच्या बाईचं नियोजन पार कोलमडलं. तीन तास झाले, आठांतले दोनच थांबे झाले. सहा शिल्लक. बर्फाची फॅक्टरी, बोट बांधायची शेड, काहीच झालं नाही. उद्या द्वादशी. नऊला भरती. आम्हाला उद्याचा दिवस पण कमी पडतो. परवा परतीची बस संध्याकाळी काढा, सकाळी नको."

"द्वादशी?" भाऊ म्हणाले.

परत गेल्यावर टूर बंद झाली नाही. भाऊंनी मला तीन नवी गावं बघायला पाठवलं, त्यातलं एक आमच्याच भागात, तापीकाठी. ब्रोशरमध्ये मी बंदराच्या वॉकसमोर "वेळ: तिथीप्रमाणे" असं छापायला दिलं. भाऊ म्हणाले, "अगं, लोक विचारतील श्राद्धाची टूर आहे का." शेवटी "वेळ आदल्या दिवशी कळवू" यावर मिटलं. पॉइंटची यादी छापतच नाही. काकांना आता सीझनभर काम असतं. ते म्हणतात, घरी अजूनही कोणी ऐकत नाही.

रेकीचं म्हणाल तर ती मी आता दोनदा करते. एकदा रस्त्याची, एकदा ग्रुपची. कुणी मॉर्निंग वॉकवाले बुकिंगला आले की आधी त्यांच्याबरोबर एक सकाळ चालून येते. मागच्या महिन्यात जळगावचा एक ग्रुप होता. दोन राउंडमध्ये ते तीन वेळा उभे राहिले. एकदा गप्पांना, एकदा कुणाच्या तरी नव्या गाडीपाशी, एकदा शेंगदाणे घ्यायला. तिसरा राउंड झालाच नाही. अशी आळशी माणसं मी पाहिली नव्हती.

त्यांचं बुकिंग तिथेच मैदानावर घेतलं.